लहान टाकीतील पाणवनस्पती आणि मासे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पाणवनस्पती लावलेल्या छोट्या मत्स्यटाकीविषयी आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या अंकात घेतले असून सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. बहुतेक अडचणींच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. टाकीत मासे सर्वांत आधी येतात आणि झाडे नंतर, शोभेपुरती येतात. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी झाडे रुजू दिली आणि मासे सर्वांत शेवटी आणले, तर खालीलपैकी निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : नव्या टाकीत वाळू, पाणी आणि चार-पाच झाडे घालून फिल्टर सुरू केला आणि दोन दिवसांनी दहा मासे सोडले. दुसऱ्या आठवड्यात पाणी अगदी नितळ असतानाही मासे वर येऊन धापा टाकू लागले आणि त्यांतले पाच मेले. रोग समजून औषधही घातले, पण उपयोग झाला नाही. नेमके काय झाले असावे?

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही रोगापेक्षा विषबाधा असण्याची शक्यता फार मोठी आहे. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. शिल्लक अन्न, विष्ठा आणि कुजणारी पाने यांतूनही तोच तयार होतो. तो पाण्यात पूर्ण विरघळतो, त्यामुळे नितळ दिसणाऱ्या पाण्यातही तो घातक प्रमाणात असू शकतो. जुन्या, रुळलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर, वाळूच्या कणांवर आणि पानांवर वस्ती करून राहिलेले सूक्ष्मजीव अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी असलेल्या नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे दोन टप्पे दोन वेगळे गटच पार पाडतात असे दीर्घकाळ मानले जात होते. नायट्रोस्पायरा वंशातील काही जिवाणू दोन्ही टप्पे एकट्याने पुरे करतात, हे २०१५ मध्ये दाखवले गेले. आपल्या दृष्टीने या सर्व सूक्ष्मजीवांविषयी लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की ते फार सावकाश वाढतात. कुजवणारे सामान्य जिवाणू अनुकूल परिस्थितीत तासाभराच्या आत दुप्पट होऊ शकतात, तर यांना दुप्पट होण्यास कित्येक तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत वेळ लागतो. म्हणूनच नवी टाकी माशांचा भार पेलण्याजोगी होण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आपले मासे या काळाच्या अगदी सुरुवातीला आत गेले.

अमोनिया किती घातक ठरेल हे पाण्याच्या पीएचवर आणि तापमानावर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअस तापमानात पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी स्वरूपात असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा ५ टक्क्यांच्या वर जातो. एकाच दिवशी सारखेच मासे सोडलेल्या दोन घरांतील टाक्यांपैकी एकीत मासे मरतात आणि दुसरीत तगतात, याचे कारण अनेकदा इतके साधे असते. नायट्राइटची गोष्ट वेगळी आहे. ते रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता काढून घेते, त्यामुळे पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

उरलेल्या माशांसाठी आज करण्याजोगे उपाय असे आहेत. क्लोरीन काढलेले, टाकीतल्या पाण्याच्या तापमानाचे पाणी घेऊन रोज एक तृतीयांश ते निम्मे पाणी बदलावे, अन्न दोन दिवस पूर्ण बंद ठेवून नंतर एक दिवसाआड चिमूटभर द्यावे आणि औषध थांबवावे, कारण काही औषधे आपल्याला हव्या असलेल्या जिवाणूंनाही मारतात. फिल्टर क्षणभरही बंद ठेवू नये. ओळखीतल्या कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. बाटलीबंद जिवाणूंपेक्षा या तुकड्यावर मी अधिक भरवसा ठेवेन. त्याच बरोबर हायड्रिला, सेराटोफिलम यांसारखी झपाट्याने वाढणारी झाडे मूठभर न घालता टाकीचा मोठा भाग व्यापेल इतकी घालावीत. बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम (पाण्यातील अमोनियाचे कमी विषारी रूप) आधी शोषतात, म्हणजे जिवाणू तयार होईपर्यंतचे काम काही अंशी झाडे उचलतात.

पुढच्या वेळी टाकी माशांविना रुळू द्यावी. पाण्यात दर लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होईल इतका शुद्ध, साबण व सुगंध नसलेला अमोनिया घालावा आणि द्रवरूप टेस्ट किटने दर दोन-तीन दिवसांनी मोजणी करावी. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्यावर येऊ लागला, नायट्राइटही शून्य राहिले आणि नायट्रेट दिसू लागले, की मोठा पाणीबदल करून पहिले थोडे मासे आणावेत.

प्रश्न : जागा कमी असल्यामुळे १० लिटरचे काचेचे भांडे घेण्याचा विचार आहे. लहान टाकी सांभाळायला सोपी जाते ना?

उत्तर : उलट घडते. पाणी जितके कमी, तितके त्याचे तापमान आणि त्यातील घटक लवकर बदलतात. शिल्लक राहिलेला अन्नाचा एकच मोठा कण १० लिटरमध्ये जेवढा बिघाड करतो, त्याच्या पाव हिश्शाहून कमी बिघाड ५० लिटरमध्ये करतो. पहिल्या टाकीसाठी ४५ × ३० × ३० सेंटिमीटर हे किमान माप धरावे. त्यात सुमारे ४० लिटर पाणी मावते. ६० × ३० × ३६ सेंटिमीटरची सुमारे ६५ लिटरची टाकी मिळत असेल, तर ती अधिक चांगली. पाणी, वाळू, दगड आणि काच यांचे मिळून वजन अशा टाकीत ८० किलोच्या आसपास जाते, तेव्हा खालचे टेबल मजबूत आणि अगदी सपाट असले पाहिजे. थेट ऊन पडणारी खिडकी टाळावी. १० लिटरच्या भांड्यात केवळ झाडे आणि मॉस ठेवण्यास मात्र काहीच हरकत नाही, आणि ते फार सुंदर दिसते.

प्रश्न : तळाशी खास माती घालावी की साधी खडी पुरते?

उत्तर : आपण कोणती झाडे लावणार यावर ते ठरवावे. अ‍ॅन्युबियस, जावा फर्न, जावा मॉस ही झाडे लाकडावर किंवा दगडावर वाढतात; त्यांना तळाची गरजच नसते. क्रिप्टोकोरिन, व्हॅलिस्नेरिया, अ‍ॅमेझॉन सोर्ड ही मुळांवाटे भरपूर खाणारी झाडे आहेत. त्यांना एकतर पोषक माती हवी, नाहीतर साध्या खडीत मुळांजवळ खताच्या गोळ्या पुराव्या लागतात. एक ते तीन मिलिमीटर आकाराची खडी आणि सुमारे ५ सेंटिमीटरचा थर सुरुवातीला पुरेसा होतो. भाजलेल्या दाणेदार मातीतून पहिल्या काही आठवड्यांत बराच अमोनिया सुटतो, म्हणून ती वापरल्यास माशांची घाई मुळीच करू नये. ही माती पाण्याचा पीएच आणि कार्बोनेटही कमी करते. सजावटीचा दगड घेताना त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावे. फेस आला, तर तो चुनखडीयुक्त आहे आणि पाण्याची कठीणता वाढवत राहील.

प्रश्न : क्रिप्टोकोरिनची सर्व पाने आठ दिवसांत चोथा होऊन गळाली, तर अ‍ॅन्युबियस बुडाशी मऊ पडून सडला. दोन्ही झाडे सोपी म्हणून सांगितली होती.

उत्तर : दोन्ही झाडे खरोखर सोपी आहेत, पण येथे कारणे अगदी वेगळी आहेत. क्रिप्टोकोरिनला जागा, प्रकाश किंवा पाणी यांत झालेला मोठा बदल सोसत नाही आणि ते पाने टाकून देते. शिवाय बाजारात येणारी बरीच पाणवनस्पती पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असते. तिची जुनी पाने पाण्याखाली टिकत नाहीत आणि पाण्याखालच्या परिस्थितीला जुळणारी नवी पाने तिला काढावी लागतात. मुळे आणि खोडाचा गड्डा टणक असेल, तर सडलेली पाने कापून झाड आहे तिथेच राहू द्यावे. ते उपटून पुन्हा लावणे हे सर्वांत वाईट. तीन-चार आठवड्यांत नवे पान दिसते.

अ‍ॅन्युबियस बहुधा गाडला गेला. त्याचे आडवे वाढणारे जाड खोड वाळूवर उघडे राहिले पाहिजे. ते पुरले की गुदमरून सडते. जावा फर्नचेही तसेच आहे. मऊ झालेला भाग धारदार ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापून उरलेले खोड सुती दोऱ्याने लाकडाला बांधावे. मुळे पकड घेईपर्यंत दोरा पुरतो. लाकूड नवे असेल तर त्यावर पहिल्या आठवड्यांत पांढरट बुळबुळीत थर येतो आणि पाणी चहासारखे तांबूस होते. दोन्ही गोष्टी निरुपद्रवी आहेत.

प्रश्न : शेवाळ काही केल्या हटत नाही. आधी तपकिरी थर आला, मग काचेवर हिरवे ठिपके, आता पानांच्या कडांना काळे केस आले आहेत. शेवाळनाशक घातले की थोडे कमी होते आणि पुन्हा येते. दिवा दिवसभर चालू असतो, म्हणजे झाडांना प्रकाशाची कमतरता नाही.

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यातच बरेचसे कारण दडले आहे. झाडाची वाढ प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि खनिजे या तिन्हींवर चालते आणि तिन्हींपैकी ज्याची कमतरता असेल, तिथे ती अडते. प्रकाश हा त्यांतला वेग ठरवणारा घटक आहे. दिवा जितका तीव्र आणि जितका वेळ चालू, तितकी झाडाची बाकीच्या दोन गोष्टींची मागणी वाढते. ती पुरी झाली नाही, की झाड कमजोर होऊन त्याच्या पानांतून साखरेसारखी द्रव्ये पाझरू लागतात आणि अत्यल्प पोषणावर भागवू शकणारे शेवाळ त्याच पानांवर ठाण मांडते. त्यामुळे पुष्कळ दिवा आणि थोडी झाडे हा शेवाळाला सर्वाधिक मानवणारा मेळ ठरतो.

सर्वप्रथम दिव्याला टायमर लावून प्रकाश रोज ठरावीक ६ तासांवर आणावा. झाडे भरात आली की आठवड्याला अर्धा तास वाढवत ८ तासांपर्यंत जावे, त्यापलीकडे नाही. दिव्याची तीव्रता कमी करता येत असेल, तर ती निम्म्यावर आणावी, नाहीतर दिवा काही सेंटिमीटर वर उचलावा. पृष्ठभागावर सॅल्व्हिनियासारखी तरंगती झाडे सोडली, तर ती प्रकाशही अडवतात आणि पाण्यातील नायट्रोजनही शोषतात. मात्र ती निम्म्याहून अधिक पृष्ठभाग व्यापू लागली, की उचलून कमी करावीत.

आता आपण सांगितलेले प्रकार. तपकिरी थर हा डायाटम या सूक्ष्म शेवाळाचा असून तो जवळजवळ प्रत्येक नव्या टाकीत येतो आणि बहुधा महिना-दीड महिन्यात आपसूक जातो. काच पुसणे एवढेच करावे. काचेवरचे कडक हिरवे ठिपके ब्लेडने खरवडावेत. फॉस्फेटची कमतरता आणि प्रकाशाचा अतिरेक एकत्र आले की ते वाढतात, असा अनेक हौशींचा अनुभव आहे. काळे केस ही खरे तर लाल शैवालांची एक जात आहे, आणि ती सर्वांत चिवट असते. दिवसागणिक खालीवर होणारा कार्बन डायऑक्साइड आणि तळाशी साचलेला गाळ यांच्याशी तिचा संबंध दिसतो. बाधित पाने सरळ कापून टाकावीत, तळाचा गाळ सायफनने काढावा आणि नव्या पानांवर ती येते का याकडे लक्ष ठेवावे. याखेरीज वाळूवर किंवा पानांवर निळसर हिरवी, उग्र वासाची, चादरीसारखी सुटून येणारी साय दिसली, तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया हे जिवाणू असतात. ती साय सायफनने ओढून काढावी, पाण्याचा प्रवाह वाढवावा आणि टाकी कापडाने झाकून तीन दिवस पूर्ण अंधारात ठेवावी.

शेवाळनाशकाविषयी माझे मत स्पष्ट आहे, ते वापरू नये. त्याने मेलेले शेवाळ कुजून पुन्हा अमोनिया तयार होतो, आणि तांबे असलेली शेवाळनाशके कोळंबीला व गोगलगायींना प्राणघातक ठरतात. आणखी एक विनंती आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहण्यासाठी दोन आठवडे थांबावे. दिवा, खत आणि पाणीबदल एकाच दिवशी बदलले, तर कशाने गुण आला हे कधीच कळत नाही.

प्रश्न : कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावल्याशिवाय हिरवीगार टाकी होत नाही, हे खरे का?

उत्तर : नाही. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरला सुमारे ०.६ मिलिग्रॅम इतकाच असतो आणि पाण्यात त्याचे विसरण, म्हणजे रेणूंचे पसरणे, हवेच्या तुलनेत जवळजवळ दहा हजार पटींनी मंद होते. म्हणूनच पाण्याखालच्या झाडांना त्याची टंचाई सदैव भासते. परंतु प्रकाश सौम्य ठेवून संथ वाढणारी झाडे लावली, तर माशांच्या श्वसनातून आणि तळातील कुजण्यातून मिळणारा वायू त्यांना पुरतो. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि सेराटोफिलम यांना तर पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेता येतो, त्यामुळे कठीण पाण्यात ती जोमाने वाढतात. मॉसला ते जमत नाही.

टाकीचा पुढचा भाग हिरवळीने व्यापायचा असेल किंवा लाल पानांची नाजूक झाडे हवी असतील, तर मात्र सिलिंडर लावावा. लिटरला २० ते ३० मिलिग्रॅम हे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. वायू दिवा लागण्यापूर्वी एक-दोन तास सुरू करून दिवा मालवण्यापूर्वी तासभर बंद करावा. टाकीत ड्रॉप चेकर, म्हणजे वायूचे प्रमाण रंगावरून दाखवणारे छोटे पात्र, टांगावा. त्यातील द्रव निळा असल्यास वायू कमी, हिरवा असल्यास ठीक आणि पिवळा असल्यास जास्त असे समजावे, पण तो एक-दोन तास मागे चालतो हे ध्यानात ठेवून माशांकडे पाहण्याची सवय सोडू नये. द्रवरूप कार्बन म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांमध्ये बहुधा ग्लुटारअल्डिहाइड हे जंतुनाशक असते. ते व्हॅलिस्नेरिया आणि मॉसला सोसत नाही, आणि नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : आमच्याकडे एक ज्येष्ठ हौशी गृहस्थ म्हणतात की झाडे भरपूर असतील, तर पाणी बदलण्याची गरजच नसते, आटलेले तेवढे भरावे. हे योग्य आहे का?

उत्तर : या कल्पनेला मोठा इतिहास आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये काचेच्या पात्रात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया एकत्र ठेवून दोघांचा समतोल दाखवून दिला. त्यांच्या पात्रातही कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागले होते, आणि ती खाण्यासाठी गोगलगायी सोडल्यावरच घडी बसली. झाडे, प्राणी आणि कुजणे यांचा मेळ घालण्याचा हा विचार आजही खरा आहे. थोडे मासे, दाट झाडे आणि मातीचा तळ असलेली टाकी अनुभवी हातांत क्वचित पाणीबदलावर उत्तम चालते.

तरीही आपल्याला मी नियमित पाणीबदलच सुचवेन. आटते ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात. केवळ भर घालत गेल्यास पाणी महिनोन्महिने कठीण होत जाते आणि माशांना ते हळूहळू जाणवते; अशा टाकीत नवा मासा सोडला की तो लगेच मरतो आणि जुने मासे मात्र धडधाकट दिसतात. याउलट दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलले, तर आठवड्याभरात साचणारा कोणताही पदार्थ एका आठवड्याच्या भरीच्या चौपटीपलीकडे कधीही जात नाही. निम्मे बदलले तर दुपटीपलीकडे जात नाही. टेस्ट किट हाताशी नसताना हा हिशेब फार आधार देतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवल्याने उडून जाते. काही पाणीपुरवठ्यांत त्याऐवजी क्लोरामाइन वापरतात आणि ते असे सहजी उडत नाही, म्हणून सोडियम थायोसल्फेट असलेले क्लोरीननाशक वापरणे सुरक्षित. क्लोरामाइन फुटून सुटणारा अमोनियाही बांधून ठेवणारे घेतले, तर अधिक बरे. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. पाणीबदलात काढलेल्या टाकीच्याच पाण्यात तो दोन-चार वेळा पिळावा, तोही प्रवाह मंदावल्यावरच.

प्रश्न : नळाच्या पाण्याऐवजी आरओचे शुद्ध पाणी वापरले तर?

उत्तर : निव्वळ आरओचे पाणी वापरू नये. त्यात खनिजे जवळजवळ नसतात. कार्बोनेट हेच पीएच स्थिर ठेवतात आणि अमोनियाचे नायट्रेट होताना ते सतत खर्ची पडतात. ते संपले की पीएच अचानक कोसळतो आणि जिवाणूंचे कामही थंडावते. पाणी फारच कठीण असेल, तर आरओ आणि नळाचे पाणी मिसळावे.

प्रश्न : ४५ लिटरच्या टाकीत किती आणि कोणते मासे ठेवावेत?

उत्तर : माशाच्या लांबीवरून लिटर ठरवण्याचे सूत्र मी कोणाला सांगत नाही, कारण ते माशाचा स्वभाव, जाडी आणि पोहण्याची गरज यांतले काहीच पाहत नाही. झाडे रुजलेल्या आणि रुळलेल्या ४५ लिटरमध्ये एंबर टेट्रासारख्या दोन सेंटिमीटरच्या कळपप्रिय माशांचा ८ ते १० जणांचा एकच कळप आणि निओकॅरिडिना कोळंबीची एक वसाहत हा मला सर्वांत समाधानकारक वाटणारा मेळ आहे. तीन जातींचे तीन-तीन मासे ठेवण्यापेक्षा एका जातीचा मोठा कळप ठेवावा. कळपातले मासे निर्धास्तपणे वावरतात, रंगतात आणि झाडांबाहेर येतात. त्याऐवजी एकच बेट्टा नर आणि काही गोगलगायी ठेवल्या, तरी चालते. गप्पी हवे असतील तर केवळ नर घ्यावेत. गप्पीची मादी नराचे शुक्राणू महिनोन्महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी आणलेली मादीही पिलांवर पिले देत राहते.

गोल्डफिश या मापाच्या टाकीत नको. तो पुष्कळ वाढतो, झाडे उपटतो आणि खातो. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकरमाउथ मासा लहानपणी बोटाएवढा असला, तरी पुढे ३० सेंटिमीटरहून लांब होतो. शेवाळ खाण्यासाठी अमानो कोळंबी त्याहून किती तरी चांगली. पाणवनस्पतींच्या टाकीला कलेचे रूप देणारे जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी तिचा वापर रूढ केला आणि त्यांचेच नाव तिला मिळाले. तिच्या अळ्यांना खारट पाणी लागते, म्हणून गोड्या टाकीत तिची संख्या वाढत नाही. कोळंबी कोणतीही असो, टाकी दोन-तीन महिने जुनी झाल्यावरच तिला आणावे, आणि मासे असोत वा कोळंबी, पिशवीतल्या पाण्यात टाकीचे पाणी अर्धा-पाऊण तास थोडे-थोडे मिसळून, जाळीने उचलून आत सोडावे.

प्रश्न : मासे दिवसभर छान असतात, पण पहाटे पृष्ठभागावर तोंड काढून असतात.

उत्तर : रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, पण झाडे, मासे आणि जिवाणू सगळेच प्राणवायू वापरत राहतात, त्यामुळे पहाटे त्याची पातळी सर्वांत खाली जाते. उन्हाळ्यात भर पडते, कारण २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसात. रात्री एअर पंप चालवावा किंवा फिल्टरचे तोंड वर वळवून पृष्ठभाग हलता ठेवावा. वर तेलकट साय जमत असेल, तर ती कागदाने उचलून काढावी. सिलिंडर लावलेला असेल, तर तो रात्री बंद होतो की नाही, हे आधी पाहावे.

प्रश्न : पानांना भोके पडतात. गोगलगायी खातात म्हणून त्या वेचून मारत आहे, पण त्यांची संख्या वाढतेच आहे.

उत्तर : टाकीत आपोआप येणाऱ्या छोट्या गोगलगायी शक्यतो निरोगी पानाला तोंड लावत नाहीत, त्या मरू लागलेले पान खातात. पान का मरते हे पाहावे. नायट्रोजन, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही द्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देऊ शकते, म्हणून त्यांची उणीव आधी जुन्या पानांवर दिसते. जुन्या पानांवर टाचणीएवढी भोके पडून त्यांच्या कडा पिवळ्या होत असतील, तर पोटॅशियम कमी आहे असे धरावे. संपूर्ण जुने पान पिवळे पडत असेल, तर नायट्रोजन. लोह मात्र हलवता येत नाही, त्यामुळे त्याची उणीव असल्यास शेंड्याची नवी पाने फिकट येतात आणि शिरा हिरव्या राहतात. थोडे मासे असलेल्या दाट टाकीत सर्व द्रव्ये असलेले द्रवखत बाटलीवर सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करावे आणि केवळ नव्या पानांवरून निर्णय घ्यावा. बिघडलेले जुने पान पुन्हा सुधारत नाही.

गोगलगायी वाढणे म्हणजे अन्न जास्त पडते आहे. मासे दोन मिनिटांत संपवतील इतकेच अन्न द्यावे, आठवड्यातून एक दिवस देऊ नये, आणि गोगलगायींना त्यांचे गाळ फस्त करण्याचे काम करू द्यावे.

प्रश्न : छाटलेल्या झाडांचे ढीग निघतात. ती जवळच्या तळ्यात सोडली तर वायाही जाणार नाहीत. मासे जास्त झाले तर तेही सोडता येतील का?

उत्तर : कृपया यांतले काहीही नैसर्गिक पाण्यात सोडू नये. आशियातील हायड्रिला मत्स्यटाक्यांच्या व्यापारातून १९५० च्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडात पोहोचली आणि तिथले तलाव व कालवे तिने भरून टाकले. पानांचे एक पेर असलेला तुकडाही तिला नवे झाड होण्यास पुरतो. दक्षिण अमेरिकेतील सकरमाउथ मासे आशियातील अनेक नद्या-तलावांत अशाच सोडण्यातून स्थिरावले आहेत. टाकीतील माशांबरोबर त्यांचे परजीवी आणि रोगही बाहेर जातात.

चांगल्या फांद्या इतर हौशींना द्याव्यात. उरलेली छाटणी वर्तमानपत्रावर पसरून उन्हात पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत वाळवावी आणि मगच कुंडीच्या खतात मिसळावी. जास्त झालेले मासे स्वीकारणारी हौशी मंडळी किंवा दुकानदार पाहावा, आणि तो मिळेपर्यंत त्यांना दुसऱ्या भांड्यात वेगळे ठेवावे. पाणीबदलात निघालेले पाणी गटारात किंवा ओढ्यात न ओतता कुंड्यांना घालावे. त्यातील नायट्रेटचा झाडांना उपयोगच होतो, मात्र टाकीत मीठ किंवा औषध घातलेले असेल, तर ते पाणी कुंड्यांना देऊ नये.